अण्णा दुपारभर कुंगफू बघतात

"ताई, तुमचं सदर मी नेहमी वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय. लग्नाला बारा वर्षं झाली, आम्ही कळव्याला राहतो. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासरे. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. जन्म १९५४चा, मूळ कुडाळकडचे, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लेथ मशीनवर टर्नर होते, ती कंपनी पुढे बंद पडली. सासूबाईंना जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून अण्णांचं एकच, दुपारचं जेवण झालं की टीव्हीवर यूट्यूब लावायचं आणि ते जुने चायनीज मारामारीचे पिक्चर बघत बसायचं, पार पाच वाजेपर्यंत. खोट्या दाढ्या, खोटे केस, तोंड एकीकडे हलतंय आवाज दुसरीकडून येतोय, आणि सारखं हा हू हा हू. मी घरून काम करते, कॉलवर असले की मागून तेच. मुलं नकला करून हसतात. आमच्या ह्यांना कुणी पाहुणे आले की लाज वाटते, परवा म्हणाले अण्णांना डॉक्टरकडे दाखवू या का, हे डिप्रेशन तर नसेल? तसे ते जेवतात नीट, सकाळी फिरायला जातात, औषधं घेतात. गेल्या महिन्यात माळा साफ करताना साखळीने जोडलेले दोन लाकडी दांडके सापडले, हे भंगारात टाकत होते तर अण्णांनी काही न बोलता उचलून आपल्या कपाटात ठेवले. ताई, खरं सांगा, ह्या पिक्चरमध्ये असं आहे तरी काय?
कळव्याची सून"

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी त्या दांडक्यांपाशी अडकले. त्याच्यावर शेवटी येते.

आधी डॉक्टरचं बोलू. मी डॉक्टर नाही, पण तू जे लिहिलंयस, नीट जेवतात, फिरायला जातात, औषधं आठवणीने घेतात, त्यावरून मला तरी घाबरण्यासारखं काही दिसत नाही. चाळीसेक वर्षांची सोबत गेलीय गं, आणि दुपार हीच सगळ्यात वाईट वेळ असते, सकाळ कशीतरी निघते, संध्याकाळी मुलं घरात असतात, पण एक ते पाच घर शांत असतं आणि तेव्हाच ती दोघं चहा घेईपर्यंत बोलत बसत असणार. ती वेळ त्यांनी कशाने तरी भरलीय. जेवण तुटलं, रात्र रात्र जागायला लागले, बोलणं बंद झालं, "आता जगून काय करायचं" असं काही तोंडून आलं, किंवा हे पिक्चरसुद्धा सोडून नुसते भिंतीकडे बघत बसले, तर मात्र एक दिवसही थांबू नका, सरळ डॉक्टर गाठा. पिक्चर बघतात म्हणून नको.

आता तुझा खरा प्रश्न, असं आहे तरी काय त्यात.

मी असला पिक्चर पहिल्यांदा बघितला तो आमच्या गल्लीच्या गणपतीत, सातवीत होते. मंडळाने व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्याने आणलेला, रात्रीत तीन कॅसेट, पहिली देवाधर्माची, दुसरी हिंदी आणि तिसरी पोरांनी हट्टाने आणलेली. ती लागली तेव्हा दोन वाजून गेले होते, सगळ्या बायका आणि मुली घरी गेलेल्या, मी आजीच्या शालीत गुंडाळून तशीच बसून राहिले कारण आमच्याकडे नळाला पाणी पहाटे चारला यायचं आणि आई म्हणाली आता झोपून काय उपयोग. पिक्चर होता "ड्रंकन मास्टर", १९७८चा, हे नाव मला खूप नंतर कळलं. त्यात एक पोरगा पायांनी उलटा टांगलाय, खाली पाण्याची बादली, वर पायांपाशी रिकामी बादली, हातात दोन एवढ्याशा चहाच्या वाट्या. खाली लोंबकळत वाट्या बुडवायच्या, पोटाच्या जोरावर सगळं अंग वर उचलायचं, वरच्या बादलीत ओतायचं, परत खाली. परत वर. त्याच्या पोटाचे स्नायू थरथरताना दिसतात आणि तोंड लालबुंद होतं आणि म्हातारा गुरू बाजूला आरामात बसलाय. मी बारा वर्षांची, दीड तासाने मला स्वतःला दोन कळशा घेऊन जिना चढायचा होता. पाणी भरणं हे काम असं पडद्यावर कुणी दाखवेल, आणि त्यातून माणूस तयार होतो असं म्हणेल, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

तो पोरगा म्हणजे जॅकी चॅन. जन्म १९५४. तुझ्या अण्णांचं वर्ष! हे त्यांना माहीत असणार बघ, विचार एकदा.

ह्या पिक्चरची मेख तिथेच आहे असं मला वाटतं. बाकी सगळीकडे हिरोला मारामारी येतच असते. तो पहिल्या सीनपासून दहा जणांना लोळवतो, का तर तो हिरो आहे. जुन्या कुंगफूमध्ये हिरो पहिल्या अर्ध्या तासात धुतला जातो, बेदम, आणि मग तो शिकतो, आणि ते शिकणं दोन गाण्यांच्या मध्ये उरकत नाहीत, तेच दाखवतात. "थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन" म्हणून एक आहे, तोही १९७८चाच, अण्णांनी नक्की बघितलेला असणार. त्यात एक तरुण शाओलिनच्या मठात पोचतो आणि तिथे शिकण्याच्या पस्तीस खोल्या असतात. जेवायच्या हॉलकडे जायच्या वाटेवर पाणी, त्यावर तरंगणारी लाकडं, त्यावर हलका पाय टाकून पलीकडे जायचं, पडला की भिजला आणि जेवणाची पंचाईत. मग पाण्याच्या बादल्या हात आडवे ताणून वाहायच्या, आणि दंडाला सुरे बांधलेले, टोकं बरगड्यांकडे, म्हणजे हात जरा खाली आला की स्वतःलाच टोचणार. मग लांबच लांब बांबूच्या टोकाला जड हातोडा आणि तो नुसत्या मनगटाच्या जोरावर उचलून घंटेवर मारायचा. जवळजवळ निम्मा पिक्चर हेच चालू असतं. आणि शेवटी सगळं शिकून झाल्यावर तो काय मागतो, तर छत्तिसावी खोली काढू द्या, मठाबाहेरच्या साध्या लोकांना शिकवायला.

आता हे टर्नरच्या डोळ्यांनी बघ. अप्रेंटिस म्हणून लागलेलं पोर पहिले कित्येक महिने मशीनला हातही लावत नाही, ते फाईल घासतं, बरी म्हणजे लोखंडाचा कीस झाडतं, उस्तादाचा चहा आणतं, आणि मग कधीतरी एक दिवस उस्ताद म्हणतो ये, धर. अण्णांनी हे सगळं केलं असणार, आणि त्याची गोष्ट कुणी सांगितली नसणार. आपल्या हिंदी पिक्चरमध्ये कामगार असतो पण काम शिकताना कधी दिसतो का?

हे जे पडद्यावर शिकतात ना, ते खरंच शिकलेले असायचे. छत्तीस चेंबरवाल्याचा डायरेक्टर लाउ कार-ल्युंग, त्याचे वडील लाम साय-विंगचे शिष्य, आणि लाम साय-विंग हे वाँग फेई-हुंगचे शिष्य, जो कँटनकडचा खराखुरा मास्टर होता आणि ज्याच्यावर १९४९पासून एकाच नटाला घेऊन सत्तरहून जास्त पिक्चर निघाले. म्हणजे गुरुशिष्य परंपरा, आपल्या गाण्यातल्या घराण्यासारखी, फक्त ही हातापायातून आलेली. हिरो झालेला गॉर्डन लिउ हाही त्याच घरात शिकून त्याच घराचं आडनाव लावणारा. आणि जॅकी चॅन, सॅमो हुंग, युएन बियाओ हे तिघं नट पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणं आणि कसरती असलेल्या जुन्या चिनी नाटकाच्या, एकाच शाळेतले. जॅकीला सात वर्षांचा असताना आईबापांनी दहा वर्षांच्या करारावर तिथे ठेवलेला. पहाटेपासून रात्रीपर्यंत कसरत, कोलांट्या, गाणं, आणि चुकलं की छडी. ते चांगलं होतं असं मी म्हणणार नाही, लहान पोरांना तसं मारणं वाईटच. पण झालं काय की ही पोरं तयार होऊन बाहेर पडली तोवर हाँगकाँगमध्ये ऑपेरा बघायला माणूस उरला नव्हता, आयुष्यभराची कला हातात आणि तिला गिऱ्हाईक नाही, मग स्टुडिओत स्टंटमन म्हणून मार खायला उभी राहिली आणि तिथून पुढे हे सगळं घडलं.

ऑपेरावरून आठवलं, अण्णा कुडाळचे म्हणालीस. मग लहानपणी जत्रेत देवळापुढे रात्रभर दशावतार बघितलाच असणार. तूही कधी गेली असशील तर आठव, राजपार्टी म्हणजे राजाचं काम करणारा नट येतो, लाकडी तलवार, पायपेटी, पखवाज, झांज, आणि युद्ध सुरू झालं की मारामारी तालात होते, वार, वार, गिरकी, आणि झांजेवर दोघं थांबतात, छाती काढून, प्रेक्षकांकडे बघत. पेकिंग ऑपेरातही असंच, ढोल आणि घंटांच्या ठोक्यावर हालचाल आणि ठोक्यावर गोठून उभं राहणं. कुंगफूची फाईट तिथूनच आलीय. म्हणून ती माणसं मारता मारता मध्येच पोज घेऊन थांबतात, तू ज्याला नाटकी म्हणशील ते खरंच नाटकातलं आहे. अण्णांना तो थांबा ओळखीचा वाटत असणार. माझा अंदाज आहे हा, पण मला तो पक्का वाटतो.

आता खोट्या दाढ्या आणि आवाजाचं. तुला त्याचा त्रास होतो हे मला कळतं, पण त्यामागे काय आहे ते कळलं की कान वेगळे होतात. त्या काळी हाँगकाँगमध्ये पिक्चर शूट करताना आवाज घेतच नसत. एक नट कँटोनीज बोलणारा, दुसरा मँडरिन बोलणारा, दोघं आपापल्या भाषेत बोलायचे, आणि नंतर सगळ्यांचा आवाज स्टुडिओत बसून भरायचा, वेळ आणि पैसा दोन्ही वाचायचे. म्हणजे तू मूळ चायनीजमध्ये बघितलास तरी ओठ आणि आवाज जुळत नाहीतच. परदेशासाठी इंग्लिश डबिंग तिथेच राहणाऱ्या मोजक्या गोऱ्या लोकांकडून घाईघाईत करून घ्यायचे, ओठ हलतायत तेवढ्या वेळात वाक्य बसवायचं म्हणून ती वाक्यं तशी तुटक. आणि तो हवा कापल्याचा सूं आवाज, तो ठो, सगळं नंतर एकेका फटक्याला भरलेलं. संगीत बऱ्याचदा तयार विकत मिळणारं, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या पिक्चरमधून न विचारता उचललेलं. ओसाड माळावर दोन माणसं लढतायत असं सारखं का दिसतं, तर माळाला भाडं लागत नाही. देवळं हवी असली की काहीजण तैवानला नाहीतर कोरियाला जायचे कारण तिथे खरी देवळं उभी आणि खर्च कमी.

मोठे पैसेवालेही होते, शॉ ब्रदर्स ही कंपनी. त्यांचा हाँगकाँगच्या क्लिअरवॉटर बेला १९६१ साली सुरू झालेला स्टुडिओ म्हणजे गिरणीच, आवारातच नटांची राहायची सोय, महिन्याचा पगार, करार, एका वेळी अनेक पिक्चर चालू, सकाळी ह्या सेटवर राजवाडा तर त्याच पायऱ्या दुपारी दुसऱ्याच्या पिक्चरमध्ये खानावळ. चार-पाच पिक्चर बघितलेस की तुला त्या पायऱ्या ओळखू यायला लागतील, मला तर त्यांच्याबद्दल माया आहे.

पण माझं म्हणणं असं की पैसा नसल्याचा एक मोठा फायदा झाला. तुझ्याकडे सेट नाही, स्पेशल इफेक्ट नाही, महागडे कपडे नाहीत, मग लोकांनी तिकीट काढून बघायचं काय? माणूस. त्याचं अंग. आज कुठलाही मोठा अॅक्शन पिक्चर लाव, फाईटमध्ये डोळा मिटेपर्यंत तीन कट होतात, कारण हिरोला येत नसतं ते लपवायचं असतं. अण्णा बघतात त्या पिक्चरमध्ये कॅमेरा लांब उभा राहतो, डोक्यापासून पायापर्यंत दोघंही दिसतात, आणि दहा-बारा वार एका दमात, न कापता. तिथे लपवायला जागाच नाही. हो, थोडी चलाखी करायचे, सेकंदाला २४ऐवजी २२ किंवा २० फ्रेमने शूट करायचे म्हणजे पडद्यावर जरा जलद दिसतं, उडी मारायला खाली लहान ट्रॅम्पोलिन ठेवायचे, फुटणारी टेबलं हलक्या लाकडाची. पण पाठीवर पडणारा माणूस पाठीवरच पडतो गं. "स्नेक इन द ईगल्स शॅडो"च्या शूटिंगला ह्वांग जांग-ली नावाच्या कोरियन फायटरची लाथ खरंच बसली आणि जॅकीचा दात पडला, आणि काम चालू राहिलं.

एक कर. उद्या पाच मिनिटं अण्णांच्या शेजारी बस आणि फक्त कट मोज. बाकी काही नको, गोष्ट समजली नाही तरी चालेल. फाईट सुरू झाली की मनात एक, दोन, तीन, चित्र बदललं की आकडा वाढव. मग संध्याकाळी मुलं जे काही नवीन बघतात त्याच्या फाईटमध्ये मोज. मी हे माझ्या भाच्याबरोबर केलं होतं, तो नव्या पिक्चरमध्ये मोजता मोजता हरला, आणि मग गप्प बसून जुना बघायला लागला.

मिस्टरांच्या लाजेबद्दल. त्यांना "द बिग बॉस"ची गोष्ट सांग, १९७१चा, ब्रूस ली त्यातूनच मोठा झाला. शॉंनी त्याला देऊ केलेले पैसे त्याला पटले नाहीत, म्हणून तो नव्यानेच सुरू झालेल्या गोल्डन हार्वेस्ट कंपनीकडे गेला आणि थायलंडमधल्या पाक चाँग नावाच्या लहान गावात जाऊन हा पिक्चर केला. गोष्ट काय, तर गावाकडचा पोरगा नातेवाइकांकडे राहून बर्फाच्या कारखान्यात कामाला लागतो. बर्फाच्या लाद्यांतून मालक ड्रग्ज पाठवतोय हे ज्या कामगारांना कळतं ते गायब होतात. बाकीचे चौकशी करायला लागतात, दंगा होतो, तेव्हा मालक काय करतो? ह्या पोराला फोरमन करतो. दारू पाजतो, मोठेपणा देतो, आणि तो काही काळ त्याला भुलतोही, त्याचे स्वतःचे भाऊबंद त्याच्याकडे पाठ फिरवतात. आईला त्याने वचन दिलेलं असतं की मारामारी करणार नाही, गळ्यात तिची खूण असते, त्यामुळे पिक्चरमध्ये बराच वेळ तो हात बांधून नुसता बघत राहतो. वागळे इस्टेटमध्ये नोकरी केलेल्या, कंपनी बंद पडताना बघितलेल्या माणसाला ह्यात काय दिसत असेल हे मुलाने बापाला विचारायला हवं. ब्रूस ली जुलै १९७३मध्ये गेला, ३२ वर्षांचा होता फक्त. अण्णा तेव्हा १९चे. त्या वयात जो हिरो मिळतो तो सुटत नाही.

सगळेच पिक्चर चांगले असतात असं मी म्हणत नाही. ब्रूस ली गेल्यावर त्याच्यासारखे दिसणारे, त्याच्यासारखी नावं लावणारे कितीतरी जण आणून जे पिक्चर काढले ते बघवत नाहीत, मेलेल्या माणसाच्या नावावर धंदा होता तो. ८०च्या दशकात तर कुठल्यातरी अर्धवट पिक्चरमध्ये निन्जांचे चार सीन चिकटवून नवा म्हणून विकायचे. १९७६च्या "मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन"मध्ये आपल्याकडचा एक योगी आहे, चेहरा काळा केलेला चायनीज नट, त्याचे हात लढताना रबरासारखे लांब होतात, आपल्याला बघायला विचित्र वाटतं पण मुलांना हा जरूर दाखव, ती हसतील ते अण्णांना नाही, अण्णांबरोबर हसतील, आणि घरात हा फरक फार मोठा असतो.

तुझ्यासाठी मात्र माझ्या मनात वेगळा पिक्चर आहे. "माय यंग आंटी", १९८१, डायरेक्टर तोच लाउ कार-ल्युंग. हिरॉइन कारा हुई, आणि १९८२ला हाँगकाँगचे फिल्म अवॉर्ड पहिल्यांदा दिले गेले तेव्हा बेस्ट अॅक्ट्रेस हिलाच मिळालं, ह्याच पिक्चरसाठी. गोष्ट आपल्या घरातली वाटेल तुला. एक तरुण मुलगी एका म्हाताऱ्या जमीनदाराशी लग्न करते कारण त्याच्या दुष्ट भावाच्या घशात इस्टेट जाऊ नये अशी त्याची इच्छा असते. तो वारतो. ही कागदपत्रं घेऊन त्याच्या पुतण्याच्या घरी येते, आणि पुतण्या हिच्या बापाच्या वयाचा! पण नात्याने ही काकू. त्यामुळे तो पन्नाशीचा माणूस वाकून नमस्कार करतोय आणि ही विशीतली पोर मोठ्या माणसासारखं वागायचा प्रयत्न करतेय, आतून घाबरलेली, आणि घरात शहरात शिकलेला पुतण्याचा आगाऊ मुलगा, नात्याने हिचा नातू. नात्याचा मान, वयाचा मान, बाईने घरात किती बोलायचं, हे सगळं हसत खेळत आणि मध्ये मध्ये अशा फाईट की ती लांब घोळदार कपड्यात तलवार चालवते. मी हा माझ्या सासूबाईंबरोबर बघितला होता, त्यांना इंग्लिश येत नव्हतं, मी मध्ये मध्ये सांगत होते, अर्ध्यावर त्या म्हणाल्या, "सांगू नको, कळतंय मला." बायकांचं म्हणशील तर हे पिक्चर वाटतात तितके पुरुषांचे नाहीत. १९६६च्या "कम ड्रिंक विथ मी"मध्ये चेंग पेई-पेई ही विशीतली, बॅले शिकलेली मुलगी खानावळीत एकटी बसून सगळ्या गुंडांना पुरून उरते, तेव्हा आपल्या हिरॉइनींना कुणी तलवार हातात देत होतं का?

आता रोजच्या व्यवहाराचं. हेडफोन आणून देऊ नकोस. सगळेजण तेच सुचवतील, मला माहीत आहे, पण आठ महिन्यांपूर्वी एकट्या पडलेल्या माणसाच्या कानात बोळे घालून त्याला आणखी एकटं करायचं हे मला पटत नाही. त्यापेक्षा सरळ सांग, अण्णा, मला अमुक ते अमुक कॉल असतात, तेवढा वेळ आवाज कमी ठेवाल का. टर्नर माणूस, शिफ्ट पाळलेला, त्यांना वेळ सांगितली की ते पाळतील, बोलून तर बघ. खोलीचं दार लावून कॉल घेता आला तर उत्तम. आणि रविवारचा एक पिक्चर सगळ्यांनी मिळून, भजी करा, अण्णांना निवडू दे. मुलांना सांग नक्कल करायचीय ना, मग नीट करा, अण्णांना विचारून करा, ती पोज कशी, पाय किती वाकवायचा. घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहायचं असतं, शिकणाऱ्याला सगळ्यात आधी तेच करायला लावतात. दोन मिनिटं उभं राहून दाखवा म्हणावं. मी प्रयत्न केलाय, चाळीस सेकंदांत मांड्या पेटतात.

आणि ते दांडके. ते नानचाकू आहेत गं. ब्रूस लीच्या "एंटर द ड्रॅगन"नंतर कितीतरी पोरांनी घरी बनवले, केरसुणीचा दांडा कापून, सायकलची चेन लावून, आणि बहुतेकांनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या कपाळावर टेंगूळ आणलं. पण तुझे अण्णा टर्नर होते. पुढच्या वेळी कपाट उघडं असेल तेव्हा परवानगी मागून ते हातात घे आणि लाकडावर बोट फिरव. गोल गोल बारीक रेषा लागतायत का बघ, सगळ्या एकसारख्या अंतरावर, आणि टोकं दोन्हीकडची अगदी सारखी गोल आहेत का. तसं असेल तर ते लेथवर केलेले आहेत, आणि लाकूड लेथवर त्या कंपनीत कामासाठी नक्कीच लागत नसणार. म्हणजे सुट्टीनंतर थांबून, किंवा उस्तादाची नजर चुकवून, विशीतल्या एका पोराने ते स्वतःसाठी बनवलेत. लाकूड कुठलं, साखळी कुठून आणली, दोन्ही दांडक्यांचं वजन सारखं कसं केलं, हे त्यांना विचार. आणि तुझ्या सासूबाईंनी ते कधी बघितले होते का, तेही. मग मला लिही, मी वाट बघतेय.